घोड्यातला माणूस

माले गावच्या फाट्यावर भैरूची चहाची टपरी आहे आणि तिथल्या बाकाच्या उजव्या टोकाला म्हसूतात्या बसतो. अंगाने काटकुळा, पण मिशा आणि लाल फेटा असे जबरदस्त, की बाकीचा म्हसू त्या दोघांना टेकू म्हणून ठेवलाय असं वाटावं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत दरसाल दिवाळी झाली की म्हसू मेंढरं घेऊन ताम्हिणी घाट उतरायचा, कोकणात चार-पाच महिने काढायचा आणि पावसाच्या आधी वर यायचा. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा तीस मेंढरं ठेवून तो मालेतच ठाण मांडून बसला. पाय थांबले आणि तोंड सुटलं.

तोंडात बहुतेक वेळा घोडा असायचा. धनगराचं बिऱ्हाड घोड्यावर चालतं, त्यामुळे विषय हक्काचा. त्यातही म्हसूची हुकमी गोष्ट काजळीची. काजळी म्हणजे त्याची घोडी. ताम्हिणीच्या घाटात वळवाची वीज कडाडली, काजळी भडकली. पाठीवर सगळं बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेलं थोरलं पोरगं, एका अंगाला दरी. आणि म्हसूने तिला एका हाताने कानाला धरून जागच्या जागी उभी केली! ही गोष्ट भैरूने इतक्यांदा ऐकली होती, की म्हसू मध्येच पानाची पिंक टाकायला उठला तर पुढचं वाक्य भैरू म्हणायचा. दुसऱ्या हातात काय होतं हे मात्र वर्षागणिक बदलायचं. कधी कोकरू, कधी काठी. एकदा तर चहाची किटली होती.

आता एक गोष्ट सांगूनच टाकतो, लपवून मला काही मिळायचं नाही. धनगराच्या वाटचालीत पुरुष मेंढरांबरोबर पुढे जातात. मागे बायका राहुटीचं पाल मोडतात, भांडी-वाकळा-कोंबड्या घोड्यावर लादतात, वर पोरं बांधतात आणि आडवाटेने पुढच्या मुक्कामाला पोचतात. संध्याकाळी पुरुष येतो तेव्हा घोडा उतरवून मेखेला बांधलेला असतो आणि भाकरी तव्यावर असते. ही दोन्ही कामं आपोआप होतात, असा म्हसूचा चाळीस वर्षं समज होता. त्याने वाटेवर घोड्याची शेपटीसुद्धा कधी पाहिली नव्हती, कारण घोडे कायम त्याच्या मागून यायचे.

बुधवारी सकाळी टपरीपुढे एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून अमोघ उतरला. डाव्या दंडाला पट्टी, उजव्या कानाला पट्टी. अमोघ मूळचा अकोल्याचा, नोकरी हिंजवडीत. त्याने आणि त्याची बायको किमया हिने गावाच्या वर डोंगराला लागून छोटंसं घर बांधलं होतं.

"इथे घोड्यातलं कुणाला कळतं का हो?" त्याने विचारलं.

भैरूने किटलीनेच उजव्या टोकाकडे खूण केली. "हे काय, बसल्यात की. म्हसूतात्या. घोड्यातला माणूस."

म्हसूने मिशीवरून हात फिरवला. "आमच्यात पोरगं चालायच्या आदी घोड्यावर बसतं," तो म्हणाला. हे खरंच होतं. गाठोड्यासारखं बांधलेलं असतं, एवढंच त्याने सांगितलं नाही.

मग अमोघने हकिगत सांगितली. चार महिन्यांपूर्वी तो मित्राच्या लग्नाला गेला होता. वरातीत कुणीतरी घोड्याच्या पायातच फटाक्यांची माळ लावली. घोडा उधळला, नवरदेव डीजेच्या गाडीवर जाऊन पडला आणि बॅंडवाले घोड्याला काठ्यांनी झोडपायला लागले. लग्नात मित्राच्या प्रेमाने माणसं काय काय करतात. कुणी नाचतं, कुणी रडतं. अमोघने घोडा विकत घेतला. घोड्याचं नाव बादशहा. तेव्हापासून बादशहा अमोघला चावत होता. किमयाला चावत होता. गवत टाकणाऱ्या गड्याला चावला तेव्हा गडी त्याच पावली बिहारला गेला. अमोघने व्हिडिओ पाहून गाजरं दिली, घोड्याने गाजर खाल्लं आणि मग हात. अमोघने लॅपटॉपवर चाव्यांचा तक्ता केला होता: वार, वेळ, अवयव. बादशहा मंगळवारी जरा शांत असतो, एवढा निष्कर्ष त्यातून निघाला होता.

"चावू दे हो," अमोघ म्हणाला, "पण त्याची म्होरकी काढायची आहे."

बॅंडवाल्यांनी लहानपणी त्याच्या तोंडाभोवती बांधलेली ती नायलॉनची म्होरकी. घोडा वाढला, म्होरकी वाढली नाही. नाकावर ती मांसात रुतली होती, खाली जखम चिघळून तिच्यात किडे झाले होते. जनावरांचे डॉक्टर आले होते. कुणीतरी धरा, मी इंजेक्शन देतो, म्हणाले. धरणारे सगळे कुंपणाबाहेर पळाले आणि डॉक्टर पाण्याच्या टाकीत पडले. जाताना सांगून गेले, की आठवड्याभरात म्होरकी निघाली नाही तर जखम डोळ्यापर्यंत जाईल. शेवटी वैतागून अमोघने घोड्यांच्या एका व्यापाऱ्याला फोन केला होता. रविवारी दुपारी टेंपो येणार होता. पुढे घोड्याचं काय होणार हे व्यापाऱ्याने सांगितलं नाही आणि अमोघने विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

"मामा, रविवारच्या आत काही होईल का?"

बाकावरचे सहा जण म्हसूकडे बघत होते. अशा वेळी शहाणा माणूस गुडघ्यांचं नाव पुढे करतो. म्हसू म्हणाला, "रविवार कशाला? दुपारपातुर काडून देतो."

दुपारपर्यंत बादशहाने म्हसूचा फेटा काढून दिला. झालं असं, की म्हसू ऐटीत कुंपणात शिरला, "ह्यॅ ह्यॅ" असा मेंढरांना करतात तसा आवाज केला आणि काठी उगारली. काठी पाहताच बादशहाने कान मागे पाडले, दात काढले आणि जो आला तो थेट डोक्यावर. लाल फेटा दातात धरून त्याने तो गरागरा फिरवला, पायाखाली घेतला आणि सवडीने चिंध्या केल्या. म्हसू तोवर कुंपणालगतच्या आंब्याच्या झाडावर होता. गुडघ्यांनी त्या दिवशी कसलीही तक्रार केली नाही. गुरुवारी म्हसू पुन्हा गेला, टोपी घालून. परतताना टोपी होती, पण सदऱ्याचा खांदा नव्हता आणि खांद्यावर दातांची कमान उमटली होती.

"जनावर जरा बंड हाय," तो टपरीवर म्हणाला. "येळ लागंल."

"काजळीला तर येका हातानं धरली व्हती तात्यानं," भैरू चहा गाळता गाळता म्हणाला, आणि बाक हसलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते गोष्टीला न हसता म्हसूला हसलं. म्हाताऱ्या माणसाजवळ मेंढरं तीस आणि गोष्ट एक. ती गेली तर बाकावर बसायचं कशाच्या जोरावर?

घरी त्याची बायको सुंदरा अंगणात वाकळेला टाके घालत होती. तिने एकदा त्याच्या डोक्याकडे बघितलं.

"फेटा कुटं गेला?"

"वाऱ्यानं उडाला."

"आन् खांद्याला काय झालं?"

"वाराच लई व्हता."

"वाऱ्याला दात फुटल्यात का?" सुंदरा म्हणाली. तिने दोरा तोडला, हळदीची वाटी आणली आणि खांद्यावर अशी दाबून हळद भरली की म्हसूने सगळी हकिगत एका दमात सांगून टाकली. म्होरकी, किडे, रविवार, टेंपो.

टेंपोचं ऐकल्यावर सुंदराचा हात थांबला. "उद्या मी येते," ती म्हणाली. "पर तुमी आंब्याखाली बसायचं. काटी न्यायाची न्हाई आन् तोंड उगडायचं न्हाई. येक शबुद बोलला तर मी तशीच माघारी फिरंन."

शुक्रवारी सकाळी म्हसूने अमोघला सांगितलं, "घरच्यांना आनलंय, हाताखाली." सुंदराने नुसती वाकळ काखेत मारली. ती घोड्याकडे गेलीच नाही. कुंपणाला पाठ लावून बाहेर बसली, वाकळ मांडीवर घेतली आणि शिवायला लागली. शिवता शिवता तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"मुडद्या, कुनी रं तुजं आसं वाटुळं केलं? ऑं? दात दावतुया मला. दाव. माजं बी दात पडाय आल्यात, मी काय दावत फिरते व्हय? गप ऱ्हा, भाड्या. गप."

सगळं एका संथ सुरात, पाळणा हलवताना म्हणावं तसं. शिव्या ऐकून किमया घरातून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. बादशहाने आधी कुंपणाला लाथा घातल्या, फुरफुरला, दोनदा अंगावर आल्यासारखं केलं. सुंदराने मान वळवली नाही. तासाभराने तो लाथा घालायचा थांबला. दुपारी ती उठली, कुंपणाच्या दांडीवर मीठ लावलेला भाकरीचा तुकडा ठेवला आणि घरी निघाली. मागे वळून बघायची म्हसूला फार इच्छा झाली, पण तिने त्याच्या बाहीला धरून पुढे ओढलं.

"बगू नका. आपुन त्याच्यासाटी आलोच न्हाई, आसं त्याला वाटाय पायजे."

शनिवारी ती कुंपणाच्या आत जाऊन बसली. पाठ घोड्याकडे, तोंड आंब्याकडे, म्हणजे म्हसूकडे. म्हसूने तोंड उघडलं आणि मिटलं. अमोघ घराच्या पायरीवर हातात प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसला होता. सुंदरा टाके घालत बोलत होती, पण आजचा विषय वेगळा होता.

"काजळी व्हती आमची. तुज्यावानी येडी न्हवती, शानी व्हती. येकदाच भडकली, ताम्हिणीच्या घाटात. ईज पडली म्हनून. मला सातवा म्हैना व्हता रं. वर थोरला बांदल्याला. कानाला लोंबकाळले मी तिच्या. गुडगं सोलून निगालं, पर कान सोडला न्हाई. सोडला आसता तर समदंच गेलं आसतं दरीत. ह्यो बाबा मेंढरामागं म्होरं, दीड कोसावर. सांजच्याला भाकरी खाताना सांगितलं ह्येला, आसं आसं झालं. तर म्हनतुया कसा, कोरड्यासात मीठ कमी हाय."

आंब्याखाली म्हसूने टोपी काढून मांडीवर ठेवली. खरं सांगायचं तर गोष्ट सांगून सांगून त्याला स्वतःलाच तो कान हातात आठवत होता, वरच्या केसांसकट. आता तो हाताकडे बघत बसला. हातात काही नव्हतं.

बादशहा दोन पावलं पुढे आला. सुंदराने सुई ओवली.

"आता टपरीवर सांगतुया, मी धरली म्हनून. भैरूची बायकू सांगती मला. मी हासते. सांगू दे, म्हनते, गुडगं गेल्यात, बोलायला तरी काय पायजे का नगो? त्येचं काय न्हाई मला. पर काजळी इकली रं ह्येनं. मी लेकीच्या बाळतपनाला गेले व्हते. सव्वा म्हैन्यानं आले तर मेख रिकामी. म्हनला, आता बिऱ्हाड हालवायचं न्हाई, घोडी कशाला? म्हनलं, बरं. कुनाला दिली त्ये बी इचारलं न्हाई मी. इचारलं आसतं तर ह्येनं सांगितलं आसतं. मंग मला रोज त्या अंगाला बगावं लागलं आसतं."

म्हसूला एकदम आठवलं, त्या दिवशी तिने ती मेख उपटून चुलीत घातली होती. त्याला वाटलं होतं, सरपण कमी पडलं असेल. सहा वर्षं त्याला तसंच वाटत आलं होतं. त्याला ओरडून काहीतरी सांगावंसं वाटलं, पण बोलायची बंदी होती. म्हसू रडला. मिशा भिजल्या की काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं, त्याने त्या टोपीने पुसल्या.

बादशहा आता सुंदराच्या डोक्याशी होता. त्याने तिच्या केसांचा वास घेतला, पदर हुंगला. पायरीवर अमोघने पेटी उघडली. सुंदराने मान न वळवता मांडीवरची भाकरी उचलून खांद्यावर धरली. घोड्याने भाकरी घेतली. खांदा घेतला नाही.

रविवारी टेंपो दुपारऐवजी सकाळी अकरालाच आला. डॉक्टरही आले होते, इंजेक्शन भरून, टाकीपासून लांब उभे. आणि भैरूने टपरी बंद ठेवून अख्खं बाक बरोबर आणलं होतं. गावात दुसरं काही नव्हतं त्या दिवशी. सुंदराने सगळ्यांना डोंगराकडे तोंड करून उभं राहायला लावलं. "तुमी बगितलं की त्याला वरात वाटती," म्हणाली. अकरा माणसं, एक व्यापारी आणि एक डॉक्टर निमूट डोंगर बघायला लागले. म्हसूला मात्र तिने आंब्याखालीच बसवलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं एकट्या त्यानेच पाहिलं.

ती पदराखाली लोकर कातरायची कातर घेऊन आत गेली. बोलत बोलत, शिव्या देत, बाजूने. डावा हात मानेवर, मग हळूच कानाच्या मुळाशी. कान मुठीत आला. बादशहा थरथरला, मागचा पाय उचलला. सुंदराने आपलं कपाळ त्याच्या गालाला टेकवलं. कातर म्होरकीखाली सरकली, घोड्याने मान झटकली आणि सुंदराचा दंड दातात धरला. धरला, आणि तसाच धरून ठेवला. दाबला नाही.

"धर," सुंदरा म्हणाली. "दुकतंय म्हनून धरलंस ना? धर मंग. मी बी धरलाय तुला."

कच्च असा आवाज झाला. म्होरकी केसांसकट, घाणीसकट खाली पडली. बादशहाने दंड सोडला आणि इतका लांब उसासा टाकला की डोंगर बघणारे सगळे एकदम वळले. डॉक्टरांनी सुंदराच्या हाताआडून इंजेक्शन दिलं आणि कोरडेच बाहेर आले. व्यापाऱ्याने टेंपो तसाच रिकामा माघारी नेला.

"तात्या!" भैरू ओरडला. "बाईला बेस शिकिवलंस की रं!"

बाक टाळ्या वाजवू लागलं. अमोघने मोबाईल वर धरला. "मामा, दोन शब्द बोला ना. कसं केलंत?"

म्हसू आंब्याखालून उठला. खरं तर काहीच बोलायची गरज नव्हती. नुसती मिशीवरून बोटं फिरवली असती तरी पुढची दहा वर्षं चहा फुकट आणि बाकाचं उजवं टोक कायमचं. त्याने सुंदराकडे बघितलं. ती पदराला कातर पुसत होती, जणू आपण तिथे नाहीच.

"बोलू का आता?" त्याने तिला विचारलं.

"बोला की."

"मला घोडं धराय येत न्हाई," म्हसू म्हणाला. "जन्मात कदी धरलं न्हाई. ताम्हिणीत काजळी हिनं धरली व्हती. सातवा म्हैना आस्ताना. मी म्होरं व्हतो, दीड कोसावर."

टाळ्या थांबल्या. भैरूने डोकं खाजवलं.

"आन् किटली?" त्याने विचारलं.

"किटली बी न्हवती."

अमोघने मोबाईल खाली घेतला. किमयाकडे एक नजर टाकून तो म्हसूला म्हणाला, "मामा, आमच्याच्याने काही हा सांभाळला जायचा नाही. तुम्हीच घेऊन जाता का? तुमचाच झाला तो आता."

व्हय, घेतो की, असं म्हसूच्या ओठांवर आलंच होतं. चाळीस वर्षांची सवय. त्याने ते गिळलं.

"मला नगं इचारू, बाबा. मागल्या येळंला मी येकट्यानंच ठरिवलं व्हतं. तिला इचार."

सुंदरा म्हसूकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे एवढा वेळ बघितल्याचं त्याला आठवेना. मग ती म्हणाली, "घरी मेख न्हाई."

"आजच ठोकतो."

"बाभळीची ठोका. मागली लगीच जळून गेली."

आठ दिवसांनी जखम सुकली तेव्हा दोघं बादशहाला न्यायला गेली. सुंदराने त्याच्या गळ्यात जुन्या लुगड्याची सैल दोरी घातली. म्हसू सवयीप्रमाणे पुढे चालायला लागला.

"आवं," मागून हाक आली, "म्होरं कुटं निगाला? म्हागं या. तुमची बी सवय हू दे त्याला."

म्हसू थांबला. सुंदरा गेली, बादशहा गेला, आणि मग म्हसू निघाला. मध्ये तीन म्हशी मावतील एवढ्या अंतरावरून तो चालत होता आणि समोर पांढरी शेपटी इकडून तिकडे हलत होती.

"शेपटापासनं लांब ऱ्हावा," सुंदरा मागे न बघता म्हणाली. "लाथ बसंल."

"ऱ्हातो," म्हसू म्हणाला, आणि फाट्यावरून जाताना टपरीकडे न बघता त्यांच्या मागोमाग घरी गेला.